कामाच्या जागेवरील हस्तलेखन : एक दुर्लक्षित ठेवा

तलाव, धान आणि पितळी भांडी यांसाठी भंडारा जिल्हा प्रसिद्ध आहे. कोसा विणकाम व विडी हे येथील परिचित व्यवसाय होत. या व्यवसायांचा इतिहास कार्यालयीन दप्तरांत जितका आहे, तितकाच तो लहान कारखान्यांतील हाताने रंगविलेल्या पाट्या, दरांचे फलक आणि नक्षीचे कागद यांत आहे.

करवती किनारीच्या कोसा साडीत काठ आणि अंग वेगवेगळ्या धोट्यांनी विणून एकमेकांत गुंतविले जातात. किनारीचे दात किती धाग्यांवर मोडावयाचे, हे विणकराने चौकटीच्या कागदावर काढून ठेवले असेल, तर त्या कागदात त्याची विद्याच साठविलेली असते. विडी कारखान्यात मजुरी हजारावर ठरते. त्यामुळे तेथील दरफलक हा मजूर व सट्टेदार यांच्यातील व्यवहाराचा पुरावा होय.

हा ठेवा मात्र झपाट्याने नाहीसा होत आहे. रंगविलेल्या पाटीची जागा फ्लेक्सने घेतली आहे. कारखाना बंद पडला की कागद रद्दीत जातात, आणि भिंतीवरील मजकूर रंगसफेदीखाली झाकला जातो. सार्वजनिक अभिलेखविषयक कायदा शासकीय अभिलेखांपुरता आहे. खाजगी पाटीला त्याचे संरक्षण नाही. तथापि ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत कुटिरोद्योग, ग्रंथालये व सांस्कृतिक कार्य हे विषय आहेत. त्यामुळे ग्रामपंचायत, शाळा व वाचनालय यांनी मिळून हे काम हाती घेणे उचित ठरेल.

त्याची रीत सोपी आहे. प्रथम मालकाची संमती घ्यावी. पाटी काढण्यापूर्वी ती जागेवर असतानाच, शेजारी मोजपट्टी धरून, छायाचित्र घ्यावे. गाव, व्यवसाय, लिहिणारा, अंदाजे वर्ष आणि उपयोग यांची नोंद करावी. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. म्हणून जुन्या कागदावर ‘जिल्हा भंडारा’ असले तरी आजचा जिल्हा पडताळून पाहावा. खडूचा फलक टिकत नाही. त्याचे छायाचित्रच जपावे. कागदाला चिकटपट्टी लावू नये, त्यावर प्लॅस्टिकचे आवरण चढवू नये आणि तो पाण्याने पुसू नये. तो सपाट, कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवावा. मजुरांची नावे व उचलीचे आकडे असलेली वही सर्वांसमोर मांडू नये.

विणकर, ठोके देणारा कारागीर आणि पाटी रंगविणारा पेंटर हयात आहेत तोवर त्यांच्याकडून खुणांचा अर्थ विचारून घेता येतो. त्यांच्यानंतर कागद उरला तरी तो वाचणारा उरणार नाही. म्हणून या कामाचा आरंभ वयोवृद्ध कारागिरांपासूनच झाला पाहिजे.