हृदय-शस्त्रक्रियेनंतरचे घरचे दिवस

हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने दोन-दोन आठवडे रुग्णालयात पडून राहावे, अशी एके काळी रीत होती. आता बायपास झालेल्या आणि काही गुंतागुंत नसलेल्या रुग्णास साधारणतः पाचव्या ते सातव्या दिवशी घरी सोडले जाते. खाट रिकामी करण्याची ही घाई आहे, असा समज अनेक कुटुंबांत आढळतो. तो सर्वस्वी खरा नाही.

१९९०नंतरच्या दशकात भूल देण्याच्या पद्धतीत बदल झाला. गुंगीची मात्रा घटली, श्वासनलिकेतील नळी काही तासांतच काढता येऊ लागली आणि रुग्णास दुसऱ्या दिवशी उठवून बसविले जाऊ लागले. खाटेवर फार दिवस राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होतात, छातीत कफ साचतो, स्नायू दुबळे होतात. हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका दुसऱ्या ते चौथ्या दिवशी अधिक असतो. तो काळ मात्र देखरेखीखाली गेलाच पाहिजे. नीट पारखून लवकर घरी सोडलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण वाढल्याचे सामान्यतः दिसून आलेले नाही. तथापि, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात त्याच दशकात मुक्काम घटला, तेव्हा थेट घरी न जाता शुश्रूषागृहात जाणाऱ्यांची संख्या वाढली. शुश्रूषेची गरज तेवढीच होती, तिची जागा बदलली.

पनवेल तालुक्यात ही जागा म्हणजे बहुधा रुग्णाचे घरच होय. तालुक्यातील खारघर येथे जन्मजात हृदयदोष असलेल्या बालकांवर विनामूल्य शस्त्रक्रिया होतात, मुंबईची रुग्णालयेही दूर नाहीत. परंतु प्रबळगडाच्या माचीवरील वाडीत परतणाऱ्यास अखेरची वाट पायीच चढावी लागते. अशा रुग्णास दोन दिवस अधिक ठेवून घेणे शहाणपणाचे ठरते.

जखमेतील जंतुसंसर्ग पुष्कळदा घरी गेल्यावर, दुसऱ्या आठवड्यात प्रकट होतो. ताप, जखमेतून पू, छातीचे हाड हलल्याचा आवाज, वाढती धाप, पायांवर सूज किंवा दोन-तीन दिवसांत एक-दोन किलो वजनवाढ दिसल्यास थांबू नये. कापलेले हाड जुळण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. पाण्याचा भरलेला हंडा दहा-पंधरा किलोंचा असतो. घरातील स्त्रीवर शस्त्रक्रिया झाली असेल, तर पाणी कोण भरणार हे आधीच ठरवावे लागते. कृत्रिम झडप बसविलेल्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी नेमाने घेऊन वेळोवेळी रक्त तपासावे लागते. गोळी कमी पडली तर गाठ, जास्त झाली तर रक्तस्राव.

रायगड जिल्ह्यात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. तीच पुढे महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालू आहे. तीत घरी गेल्यानंतरच्या दहा दिवसांची औषधे व तपासणी अंतर्भूत आहे. अकराव्या दिवसापासून नेरे, वावंजे, आपटे येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांचा संबंध येतो. डिस्चार्ज कार्डाची एक प्रत आरोग्यसेविकेकडे त्याच आठवड्यात पोहोचविणे, हे काम ग्रामपंचायत सदस्य सहज करू शकतो.