व्यसन सुटते, पण कसे?

कुंडल गावचे नाव कोणाला ठाऊक नाही? इंग्रजांचे राज्य असताना या भागातल्या लोकांनी आपले स्वतःचे सरकार चालवले. त्याला प्रतिसरकार म्हणत. १९४३ ते १९४६ या काळात ते चालले. क्रांतिसिंह नाना पाटील हे त्याचे पुढारी. कुंडलचे जी. डी. बापू लाड हे तुफान सेनेचे प्रमुख. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होते. तेच या सरकारचे मुख्य ठाणे झाले.

या सरकारने गावचे तंटे गावातच मिटवले. कमी खर्चात लग्ने लावली. आणि दारूबंदीही केली. इंग्रजांशी झुंजणाऱ्या माणसांना दारूची एवढी काळजी का वाटावी? कारण सरळ आहे. घरचा कर्ता पिऊन पडला, तर त्या घराला स्वराज्य मिळून उपयोग काय?

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. भट्टी फोडली म्हणून माणसाची तलफ फुटत नाही. भट्टी गावात असते, तलफ अंगात असते. तिचा इलाज निराळा. तोच आम्ही इथे सांगणार आहोत.

व्यसन म्हणजे काय?

पहिल्यांदा माणूस गंमत म्हणून पितो. कधी जत्रेत, कधी वरातीत, कधी उसाचे बिल आले म्हणून. दारूने मेंदूला थोडा वेळ बरे वाटते. मेंदू ते लक्षात ठेवतो आणि पुन्हा मागतो. हळूहळू शरीराला सवय होते. आधी अर्ध्या पेल्यात भागायचे, मग पेला लागतो, मग बाटली. पुढे तर दारू मिळाली नाही की हात कापतात, घाम सुटतो, झोप येत नाही. आता माणूस मजेसाठी पीत नाही. त्रास होऊ नये म्हणून पितो. यालाच व्यसन म्हणतात. हा आजार आहे. नुसता वाईट स्वभाव नव्हे.

तंबाखू, मिश्री, गुटखा, गांजा यांचेही असेच. आता त्यात नवी विषे आली आहेत. २०२५ च्या जानेवारीत विट्याजवळ कार्वे इथे पोलिसांनी एम. डी. नावाची नशेची पावडर बनवणारा कारखाना पकडला. म्हणजे हे संकट मुंबई-पुण्याचेच राहिले नाही. आपल्या शिवाराला येऊन भिडले आहे.

घर कसे बुडते?

जरा हिशेब करू. समजा, एक माणूस रोज ८० रुपयांची पितो. महिन्याचे झाले २,४०० रुपये. वर्षाचे झाले २९,२०० रुपये. एवढ्या पैशात मुलांची शाळा झाली असती, घरावर पत्रे पडले असते. शिवाय बुडालेली मजुरी आणि दवाखान्याचा खर्च वेगळाच.

आम्ही शाळेत होतो तेव्हा हे फार पाहिले. एखादे पोर वही आणीनासे होई. मग ते वर्गात पेंगू लागे. विचारले तर खाली मान घाली. रात्री घरात काय झाले, ते त्याच्या डोळ्यांवरून कळे. पिणारा एकटा असतो, पण भोगणारे सारे घर असते.

काय करू नये?

बरीच वर्षे रोज पिणाऱ्याची दारू घरी एकाएकी तोडू नये. अशा माणसाला दोन-तीन दिवसांत झटके येतात. नाही ते दिसू लागते, तो बरळू लागतो. कधी जीवही जातो. म्हणून आधी डॉक्टरांकडे न्यावे. ते औषध देऊन हे दिवस पार पाडतात.

चहात नाही तर कालवणात गुपचूप औषध मिसळू नये. दारू सोडवण्याची काही औषधे अशी असतात, की वर दारू प्यायली तर जिवावर बेतते. औषध घेणाऱ्याला ते ठाऊक असलेच पाहिजे.

मारू नये, कोंडू नये. आणि त्याची उधारीही फेडू नये.

काय करावे?

तो शुद्धीवर असताना, सकाळच्या वेळी, शांतपणे बोलावे. "तुम्हाला आजार झालाय, आपण दवाखान्यात जाऊ," असे म्हणावे. सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. १४४४६ या नंबरावर फोन केला तर व्यसनमुक्तीची माहिती फुकट मिळते.

पुण्यात मुक्तांगण नावाचे व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट या पतिपत्नींनी ते १९८६ साली सुरू केले. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी त्याला देणगी दिली. तिथे औषध देतात, आणि मनाची मशागतही करतात. व्यसनातून सुटलेली माणसेच नव्या माणसांना आधार देतात. बायकांनाही धीर देतात, कारण नवऱ्याच्या व्यसनाने त्याही खचलेल्या असतात.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या मंडळाच्याही बैठका गावोगाव भरतात. १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनी एकमेकांना आधार देऊन हे मंडळ सुरू केले. तिथे फी नाही. आजचा दिवस प्यायचे नाही, एवढाच नेम. उद्याचे उद्या.

पुन्हा घसरला तर?

पुष्कळ माणसे एकदा सोडून पुन्हा पितात. "माळ घातली आणि मोडली," म्हणून लोक हसतात. हसू नका. हिवताप उलटला तर आपण रोग्याला हसतो काय? पुन्हा औषध देतो. इथेही तसेच करावे. जुने पिणारे सोबती टाळावेत. संध्याकाळची वेळ रिकामी ठेवू नये. भजन, तालीम, वाचन, काहीही धरावे.

आणि गावाने काय करावे? गावात दारूचे दुकान नको असेल, तर बायकांनी मतदान करून ते बंद करण्याची सोय कायद्यात आहे. त्याला 'आडवी बाटली' म्हणतात. पण दुकान बंद झाले तरी आजारी माणूस उरतोच. त्याला एकटे टाकू नका.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. वर दिलेला नंबर १४४४६ भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. शेजारणीला वाचता येत नसेल, तर तिला हा धडा वाचून दाखवा. कदाचित तिच्याच घरी त्याची गरज असेल.