सागरमाथ्याच्या वाटेवर थांबण्याचे मोल

पावसाळा ओसरून आकाश निरभ्र झाले की नेपाळमधील सागरमाथा राष्ट्रीय उद्यानाच्या वाटा गजबजू लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे हे येथील पदभ्रमंतीचे मुख्य हंगाम. १९७६ साली स्थापन झालेले आणि १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेले हे उद्यान १,१४८ चौरस किलोमीटरवर पसरले आहे. एव्हरेस्टचा पायथा, म्हणजे बेस कॅम्प, ५,३६४ मीटर उंचीवर आहे. तेथवर जाण्यासाठी दोर लावून चढण्याचे कौशल्य लागत नाही. म्हणूनच सह्याद्रीत हिंडणाऱ्यांनाही ही वाट आवाक्यातली वाटते. मात्र येथील खरी अडचण चढाची नसून हवेची आहे.

काठमांडू वा रामेछाप येथून विमान लुक्ल्याला उतरते. हे गावच सुमारे २,८५० मीटरवर, म्हणजे दक्षिण भारतातील सर्वोच्च अनाईमुडी शिखराहूनही उंच आहे. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. त्यामुळे सह्याद्रीतील कितीही अनुभव असला तरी विरळ हवेची सवय त्यातून होत नाही. समुद्रकाठी राहणाऱ्याची तर गोष्टच वेगळी.

हवेतील प्राणवायूचे प्रमाण सर्वत्र सुमारे २१ टक्केच असते. उंचीवर घटतो तो हवेचा दाब. बेस कॅम्पवर तो समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असल्याने प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही निम्माच. शरीर यावर जलद श्वसनाचा उपाय योजते. परंतु त्यामुळे कर्बवायू अधिक बाहेर पडतो, रक्ताची अल्कधर्मिता वाढते आणि श्वसनाला, विशेषतः झोपेत, लगाम बसतो. हा तोल मूत्रपिंडे सावरतात. त्यासाठी त्यांना काही दिवस लागतात. ही मुदत व्यायामाने कमी होत नाही. म्हणूनच धडधाकट तरुण आजारी पडतो आणि सावकाश चालणारा साठीचा गृहस्थ सुखरूप पोहोचतो, असे या वाटेवर घडू शकते.

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत साधारण ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा वैद्यकीय सल्ला आहे. प्रचलित कार्यक्रम याच हिशोबावर बेतलेला असतो. पहिली रात्र फाकदिंगला, दुसरी ३,४४० मीटरवरील नामचे बाजारला. ही झेप सुमारे ८०० मीटरची असल्याने नामचेला दोन रात्री काढतात. पुढे तेंगबोचे आणि मग ४,४१० मीटरवरील दिंगबोचे. तेथे पुन्हा दोन रात्री. त्यानंतर लोबुचे आणि गोरकशेप. थांबलेल्या दिवशीही झोपून राहायचे नसते. आसपासच्या टेकडीवर चढून झोपायला खाली यायचे असते.

नेमके हेच दोन दिवस गाळण्याचा मोह होतो. रजा मोजकी, परतीचे तिकीट ठरलेले आणि लुक्ल्याचे विमान हवामानामुळे एखादा दिवस अडकलेले! मग वाया गेलेला दिवस विश्रांतीतून भरून काढला जातो. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे ही पहिली लक्षणे सोबत्यांपासून लपवली जातात. ती असताना वर जाऊ नये. आहे तेथेच थांबावे. बसल्या जागी धाप लागणे किंवा खोकल्यातून फेस येणे म्हणजे फुप्फुसांत पाणी साचू लागले. सरळ रेषेत चालता न येणे, बोलण्यात असंबद्धता येणे म्हणजे मेंदूला सूज. अशा वेळी सकाळची वाट न पाहता, रुग्णाला एकटे न सोडता खाली उतरवणे हाच मुख्य उपाय. विलंब जिवावर बेतू शकतो. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध शरीराला जुळवून घेण्यास मदत करते, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे आणि त्याच्या भरवशावर वेग वाढवू नये. मद्य आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. फेरीचे येथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे केंद्र हंगामात चालते आणि खुंदे येथे एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने १९६६ साली उभे राहिलेले रुग्णालय आहे.

हा नियम ओझे वाहणाऱ्यांनाही लागू आहे. भारवाहकांपैकी अनेक जण शेर्पा नसून खालच्या खोऱ्यांतून आलेले असतात. त्यांनाही विरळ हवा बाधते. मजुरी बुडेल या भीतीने ते दुखणे सांगत नाहीत. त्यांची विचारपूस करणे, त्यांना उबदार कपडे आहेत ना हे पाहणे आणि आजारी भारवाहकाला एकट्याने खाली न धाडणे ही प्रवाशाची जबाबदारी ठरते.

भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पासपोर्ट वा निवडणूक ओळखपत्र पुरते. हेलिकॉप्टरने सुटकेचा खर्च देणारा विमा मात्र आवर्जून काढावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कार्यक्रमात दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत. तेवढी रजा मिळत नसेल, तर नामचे आणि तेंगबोचेपर्यंतच जाऊन परतावे. तेंगबोचेच्या गुंफेसमोरूनही एव्हरेस्ट आणि अमा दब्लम दिसतात.