अडथळ्यांची शर्यत : नाव एक, प्रकार अनेक

‘अडथळ्यांची शर्यत’ हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला आहे की गृहकर्जासाठी कागदपत्रे जमवणारे ग्राहकही तो आमच्यासमोर सर्रास वापरतात. (त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नसते.) गेल्या दीड दशकात मात्र याच नावाचा स्वतंत्र क्रीडाप्रकार आपल्या महानगरांत रुजला आहे. त्याचे प्रकार वरवर सारखे दिसले, तरी प्रत्येकात काय मोजले जाते हे निराळे असते.

या खेळाचे मूळ सैनिकी प्रशिक्षणात आहे. चेन्नईत सेंट थॉमस माउंट, म्हणजेच परंगीमलै येथे १९६३ पासून लष्करी अधिकारी घडवणारी संस्था आहे. आज ती ‘ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी’ म्हणून ओळखली जाते. १९९२ पासून येथे महिलांनाही प्रशिक्षण मिळते. भिंत ओलांडणे, खंदकावरून उडी घेणे, दोरावर चढणे हा येथील शारीरिक शिक्षणाचा भाग. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाडा येथे हुतात्मा झाले. त्यानंतर त्यांच्या पत्नी, दोन मुलांच्या माता स्वाती महाडिक यांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर वयाची खास सवलत मिळवून याच अकॅडमीत प्रवेश घेतला. वयाने कितीतरी लहान असलेल्या छात्रांसोबत अकरा महिन्यांचे प्रशिक्षण पूर्ण करून सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. अशा ठिकाणी इतरांना मागे टाकण्यापेक्षा ठरलेल्या कसोटीस उतरणे महत्त्वाचे असते.

मैदानी ‘स्टीपलचेस’मध्ये मात्र घड्याळच सर्वस्व. ३००० मीटर अंतरात २८ अडथळे व ७ वेळा पाण्यावरील उडी. येथील अडथळा धक्क्याने पडत नाही, धावपटूच पडतो! बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचे सुपुत्र अविनाश साबळे यांचे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी ते मिळवले.

हौशी नागरिकांसाठीच्या शर्यतींचा आरंभ इंग्लंडमध्ये १९८७ च्या ‘टफ गाय’पासून मानला जातो. २०१० मध्ये अमेरिकेत दोन भिन्न वळणे दिसली. ‘टफ मडर’ने वेळेपेक्षा परस्पर साहाय्यावर भर दिला, तर ‘स्पार्टन’ने वैयक्तिक वेळ मोजली व ५, १० आणि २१ किलोमीटरचे टप्पे ठरवले, अडथळा चुकल्यास पूर्वी ३० ‘बर्पी’ काढण्याचा दंड असे. भारतात २०१२ पासून ‘डेव्हिल्स सर्किट’ भरते : सुमारे ५ किलोमीटर व १५ अडथळे.

अलीकडचा प्रकार सर्वांत आखूड, जेमतेम शंभर मीटरचा. २०१९ च्या आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धेत तो होता. आधुनिक पेंटॅथलॉनमध्येही पॅरिस ऑलिंपिक (२०२४) नंतर घोडेस्वारीची जागा अशाच लहान शर्यतीने घेतली. येथे पायांइतकीच बोटांची पकड कसास लागते.

नाव नोंदवताना अडथळा सोडल्यास दंड आहे की स्पर्धक बाद होतो, हे नियमांत पाहावे. आयोजक बहुधा जबाबदारीमुक्तीच्या पत्रावर स्वाक्षरी घेतात. शिवाय अनेक व्यक्तिगत अपघात विमा पॉलिसींमध्ये साहसी खेळांतील दुखापत वगळलेली असते. तेव्हा आपल्या पॉलिसीतील अपवादांचे कलम शुल्क भरण्याआधीच वाचून घ्यावे.