तारमास्तरच्या काचा

वडील तार खात्यात होते, त्यामुळे कट्ट-कडकट्टची भाषा आमच्या घरात रोजची. जुन्या तारमार्गांचा नकाशा पाहताना एका रेघेवर माझं बोट थांबलं, ते कित्येक वर्षं तिथून हललं नाही. ऑस्ट्रेलियातून लंडनला जाणारी तार जावा, सिंगापूर, मद्रास, मुंबई अशी जायची. त्याआधी तिला ॲडलेड ते डार्विन हा सुमारे ३,२०० किलोमीटरचा, बराचसा वाळवंटी मुलूख ओलांडावा लागे. ही लाइन १८७२ साली सुरू झाली. तिच्या जवळजवळ मध्यावर ॲलिस स्प्रिंग्जचं दगडी तारघर होतं आणि जवळच गाव म्हणून स्टुअर्ट नावाची मोजकी घरं. १८९२ मध्ये फ्रान्सिस गिलन तिथे स्टेशनमास्तर म्हणून आला. त्याच्याकडे कॅमेरा होता.

मानववंशशास्त्र वाचणाऱ्यांना स्पेन्सर-गिलन ही जोडी ठाऊक असते. प्राध्यापक स्पेन्सरशी १८९४ मध्ये झालेली भेट, १८९९ चं पुस्तक, त्यावर दुर्खीम आणि फ्रॉइड यांनी ठेवलेली मदार, हे सगळं सहज वाचायला मिळतं. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्याआधीचा एक खटला.

१८९१ च्या फेब्रुवारीत टेम्पे डाउन्स इथल्या गुरांच्या ठाण्यावर दोन आदिवासी पुरुषांना गोळ्या घालून त्यांची प्रेतं जाळण्यात आली. हुकूम देणारा होता विलशायर नावाचा पोलीस अंमलदार. गिलनकडे तेव्हा दंडाधिकाऱ्याचे अधिकार होते. त्याने जबान्या नोंदवल्या आणि विलशायरला खुनाच्या आरोपाखाली पोर्ट ऑगस्टाला खटल्यासाठी पाठवलं. गोऱ्या वसाहतवाल्यांनी आरोपीसाठी वर्गणी जमवली. दक्षिण ऑस्ट्रेलिया वसाहतीचे माजी प्रीमियर सर जॉन डाउनर वकील म्हणून उभे राहिले आणि विलशायर निर्दोष सुटला. पुढे त्याला दुसऱ्या ठाण्यावर नेमणूकही मिळाली. आपल्याच लोकांचा रोष पत्करलेला हा तारमास्तर, म्हणून मला त्याचे फोटो वेगळे दिसतात.

फांद्यांच्या आडोशाला बसलेली तिथल्या अरेर्न्ते आदिवासींची कुटुंबं, लाकूड कोरून केलेली लांबट परात घेतलेल्या बायका. त्या काळच्या पुष्कळ फोटोंत माणसं कवायतीला उभी केल्यासारखी दिसतात. इथे ती आपापल्या जागी बसलेली आहेत. गिलनला त्यांची भाषा थोडीफार येत होती. आदिवासींच्या कथांमधल्या आदिकाळासाठीचा ‘ड्रीमटाइम’ हा जगभर रुळलेला शब्द त्याच्याच भाषांतरातून पुढे आला. १८९६ च्या सप्टेंबरपासून चार महिने तारघराजवळ एंगवुरा नावाचा मोठा दीक्षाविधी चालला, तेव्हा स्पेन्सर आणि गिलन यांना तिथे बसू दिलं गेलं आणि फोटोही घेऊ दिले गेले. माझ्या मते त्या परवानगीची मुळं खटल्यात आहेत.

पण गिलनला साधू ठरवणंही चुकीचं. पवित्र वस्तू उचलून नेण्याच्या प्रकाराला त्याने आधी संमती दिली होती. एका गुप्त गुहेचा ठिकाणा सांगितल्यावरून एका अरेर्न्ते माणसाला जीव गमवावा लागला, हे कळल्यावर १८९७ मध्ये त्याने स्पेन्सरला पश्चात्तापाचं पत्र लिहिलं. त्या वस्तूंचं मोल आपल्याला तेव्हा कळलं नव्हतं, असं त्याने कबूल केलं. त्याच्या साऱ्या पत्रव्यवहारात हे पत्र मला सर्वांत मोलाचं वाटतं.

गिलन १९१२ मध्ये वारला. रोजच्या जगण्याचे त्याचे फोटो आज पाहायला मिळतात. गुप्त विधींचे फोटो मात्र संग्रहालयांनी खुले ठेवलेले नाहीत. ते कुणी पाहावेत याबाबत अरेर्न्ते समाजातल्या ज्येष्ठांचा शब्द मानला जातो, आणि ते योग्यच आहे. मी ते पाहिलेले नाहीत आणि त्यासाठी अर्जही करणार नाही.