केमोथेरपीतील निद्रानाश आणि म्हशीचे दूध

केमोथेरपीच्या रुग्णाची झोप उडाली की आपला हात अश्वगंधेकडे जातो. प्रथम डेक्सामेथासोनची वेळ पाहावी. वांती रोखण्यासाठी दिलेले हे स्टेरॉइड सायंकाळी घेतल्यास रात्र जागवते. ते सकाळी घेता येईल का, हे कर्करोगतज्ज्ञांस विचारावे. अश्वगंधेने यकृतास इजा झाल्याच्या नोंदी आहेत. तज्ज्ञांस न कळवता औषधविक्रेत्यांनीही ती देऊ नये.

चरकाचार्यांनी निद्रानाशात म्हशीचे दूध सांगितले आहे. परंतु आपल्या कोल्हापुरी कट्ट्यावरचे धारोष्ण दूध येथे घातक! उपचारानंतर साधारणतः ७ ते १४ दिवसांत श्वेतपेशी घटतात. दूध उकळूनच द्यावे. रात्री पादाभ्यंग करावा. मात्र तळवे लाल होऊन सोलत असल्यास चोळू नये. ताप १००.४ अंश फॅरेनहाइटला पोहोचल्यास त्याच घटकेस रुग्णालयात धाडावे. काढा देऊन सकाळची वाट पाहू नये.