मीटरवर न दिसणारे किलोमीटर

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावड्याहून कोकणात उतरायला करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट. पावसाळ्यात दरड कोसळली, धुक्यात ट्रक बंद पडला की पोलिसांच्या गाडीला धावावे लागते. एकदा तिथे पोहोचली की ती तासन्‌तास उभी असते, दिवा, वायपर आणि इंजिन चालू ठेवून. महाराष्ट्र पोलिसांच्या जुन्या बोलेरोंत 2523 सीसीचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन असे. ते दणकट खरेच, पण अशा गाडीची पारख मीटरवरून करू नये.

अनेकांना वाटते, घाटाने इंजिन मरते. घाटाने क्लच आणि ब्रेक झिजतात. इंजिनाला चढ मानवतो, कारण ते पुरते तापते आणि डिझेल नीट जळते. खरे नुकसान उभ्याने चालण्याचे. ताप कमी राहतो, काजळी ऑइलमध्ये उतरते, न जळलेले डिझेल ऑइल पातळ करते, रिंगा चिकटतात. अमेरिकेतल्या पोलीस गाड्यांसाठी फोर्डने एक तास उभ्याने चालणे म्हणजे 33 मैल, सुमारे 53 किलोमीटर, असा हिशेब दिला होता. त्या मापाने रोजचे तीन तास म्हणजे दीडशेवर किलोमीटर, आणि मीटर जागचे हललेलेही नसते. म्हणून अशा गाडीचे ऑइल किलोमीटर भरण्याची वाट न पाहता आधीच बदलावे. गगनबावड्याच्या पावसात डिझेल फिल्टरमधले पाणीही वरचेवर काढावे.

1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊन त्या भंगारात जातात. 15 वर्षे भरण्याआधीच निर्लेखित होऊन लिलावात आलेली पोलिसांची गाडी घ्यायची असेल, तर इंजिन गार असताना जावे. कोणी आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. चालू करताच थोडा पांढरा धूर चालतो. निळा धूर टिकला तर इंजिन ऑइल खाते आहे. मग ऑइलचे झाकण सैल करून वर तळहात धरावा. मंद वारा लागला तर ठीक. धुराचे झोत आणि ऑइलचे शिंतोडे आले, तर रिंग-पिस्टनचे काम निघालेच.

कोल्हापूरचा शेतकरी ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग तासांवर करतो, त्याच्या डॅशबोर्डवर तासांचे मीटरच असते. पोलिसांच्या गाडीलाही ते हवे, आणि लॉगबुकात किलोमीटरशेजारी त्याचा रकाना.